टेबलाखालचं घर

सकाळी शाळेतून गणिताच्या सरांचा फोन आला. "आज दुपारी येतायत," असं म्हणून ते क्षणभर थांबले, आणि अर्ज भरताना शंभरदा म्हणालेलं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. "विचारतील ते खरं सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही."

खारूने फोन ठेवला. तिला घरीदारी सगळे खारूच म्हणत, कारण लहानपणी ती पेन्सिलींचे उरलेसुरले तुकडे खारीसारखे कोपऱ्याकोपऱ्यात दडवून ठेवी. आता ती गेल्या वर्षी बारावी पास झालेली आणि फीवाचून घरी राहिलेली, आईच्या डोक्याएवढी उंच मुलगी होती. नाव मात्र तेच राहिलं होतं.

"आई, आज दुपारी."

आई दारात बसून वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवत होती. ओला हात तसाच पदराला पुसत ती उठली, खोलीकडे वळून बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! आणि हा पसारा?"

कॉलेजच्या त्या शिष्यवृत्तीला दोन चाळण्या होत्या. पहिली गुणांची. तिच्यातून खारू पार झाली होती, आणि तेही वरच्या नंबराने. दुसरी चाळणी घरच्या परिस्थितीची. त्यासाठी वेगळा अर्ज होता: वडील काय करतात, घर केवढं, घरात सामान काय काय. अर्जात लिहिलेलं खरं आहे का हे बघायला ती देणाऱ्या संस्थेतर्फे एक बाई घरी येऊन पाहणी करायच्या. एका अर्जामागे एकदाच. लिहिलेल्यात आणि दिसलेल्यात फरक आढळला की अर्ज बाद. शिवाय ज्या शाळेने सही करून तो अर्ज पाठवला, त्या शाळेच्या पुढच्या मुलांकडेही मग भिंगातूनच बघितलं जाई. सही गणिताच्या सरांची होती.

शिष्यवृत्ती मिळाली तर फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं सुटणार होतं. नाही मिळाली तर काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं. पण मोठ्या रस्त्यावरच्या कापडदुकानात कापड मोजून द्यायला एक मुलगी हवी होती आणि बाबा गुपचूप तिथे जाऊन विचारून आले होते. दुकानदार म्हणाला होता, "पाठवून द्या, हुशार दिसते." खारूला ते माहीत होतं. खारूला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं.

बाबा पॉलिशवाले. मोडक्या खुर्च्या जोडायच्या, जुनं लाकूड घासून कोरं करायचं आणि त्यावर लाखेच्या पॉलिशचे हात द्यायचे. एक हात, तो वाळला की दुसरा, असं लाकडात चेहरा दिसेपर्यंत. आई वेताच्या बैठका विणायची. गल्लीतल्या एका इमारतीच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडला लागूनच राहायची एक खोली. थंडीच्या दिवसांत शेडमध्ये ओल धरते, आणि ओलसर हवेत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं, आरशावर कुणी श्वास सोडावा तसं. म्हणून थंडी पडली की लोकांचं सामान शेडमधून खोलीत यायचं. आणि लोकांचं सामान खोलीत आलं की ही तिघं त्या सामानाच्या खाली राहायला जायची.

यंदा खोलीत आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं, त्याच्या आठांतल्या उरलेल्या सहा खुर्च्या होत्या, काचेच्या दारांचं एक कपाट होतं आणि कोरीव हातांची एक आरामखुर्ची. टेबल एवढं मोठं की त्याच्याखाली गाद्या मावत, ट्रंक मावे, भांड्यांचं खोकं मावे आणि खारू अभ्यासालाही मावे.

आईने कंबर कसली. लाकूड आवळायचे शिकंजे, कानशी, स्पिरिटच्या बाटल्या, पॉलिशचे कळकट बोळे, वेताची भेंडोळी, सगळं उचलून तिने टेबलाखाली कोंबलं. मग घरातली एकमेव नवी चादर, निळ्या फुलांची, टेबलावर अशी अंथरली की चारी बाजूंनी ती जमिनीला टेकली. आरामखुर्चीचा एक हात कालच सरस लावून सुतळीने आवळून ठेवला होता. तिला ती सुतळी विचित्र दिसली, म्हणून तिच्यावर स्वतःची शाल पांघरली. खुर्च्या टेबलाभोवती दोरीत ओवल्यासारख्या नीट लावल्या. पाठीला धरून नाही, खालच्या पायांना धरून. वाकडी लावलेली खुर्ची तिला बघवायचीच नाही.

मग तिने बाबांना धरलं.

"अहो, हात दाखवा."

"काय झालं हाताला?"

"चहाच्या किटलीसारखे झालेत. घासा."

"अगं, अठ्ठावीस वर्षांचा रंग आहे तो. तो काय एका सकाळीत निघतो?"

"निघतो. आण गं खारू ते लिंबू."

लिंबू, राख आणि वीट घेऊन तिने बाबांचे हात असे घासले की ते लालबुंद झाले. बाबा हात हवेत धरून म्हणाले, "आता मी पॉलिशवाला दिसत नाही, चोरी करताना सापडलेला दिसतो."

खारू हसली.

दुपारी बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याला मोठी कापडी पिशवी, उजव्या गुडघ्याला पट्टा. गल्लीचा चढ चढून त्यांना धाप लागली होती. दाराशी चप्पल काढत त्या म्हणाल्या, "हेच ना पॉलिशवाल्यांचं घर?" आणि मान वर करून त्यांनी आत पाहिलं.

तिथेच त्या थबकल्या.

त्या थबकल्या आणि खारूला आयुष्यात पहिल्यांदा आपली खोली परक्या माणसाच्या डोळ्यांनी दिसली. खिडकीतून येणारं ऊन कपाटाच्या काचांवर चमकत होतं. सहा खुर्च्यांच्या पाठी आरशासारख्या लखलखत होत्या. मधोमध फुलांच्या चादरीचं टेबल, कोपऱ्यात शाल टाकलेली आरामखुर्ची. एखाद्या वकिलाचा दिवाणखाना वाटावा. आणि बाईंच्या पिशवीतल्या अर्जावर तिनेच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: घरातील सामान, दोन लाकडी खोकी आणि एक ट्रंक.

सकाळपासून तिघांनी पसाऱ्याची काळजी केली, बाटल्यांच्या वासाची केली, बाबांच्या हातांची केली. या सामानाचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता. कसा येणार? ते सामान नव्हतंच. ते काम होतं. दर थंडीत यायचं, उन्हाळा लागला की जायचं. मासोळीला कुठे पाणी दिसतं?

"या ना ताई," आई म्हणाली. "चढाची गल्ली आहे आमची. दमलात."

"दमले खरी," बाई म्हणाल्या आणि सरळ आरामखुर्चीकडे वळून तिच्यात टेकायला वाकल्या.

"नको!" बाबा ओरडलेच. "बसू नका तिथे!"

बाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. घरी आलेल्या माणसाला बसू नका म्हणणारा यजमान त्यांनी बहुधा पाहिला नसावा. बाबांनी धावत जाऊन शाल काढली. "हात जोडलाय हो मॅडम. सरस ओला आहे अजून. भार पडला तर निखळेल."

"बरं. मग इकडे बसते." त्यांनी टेबलाजवळच्या खुर्चीला हात घातला.

"तिला पण नको... पॉलिश ओलं आहे. ठसा उठेल."

"सगळ्याच ओल्या?"

"सगळ्याच," बाबा अपराध्यासारखे म्हणाले.

बाईंनी हात मागे घेतला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि उभ्यानेच पिशवीतून कागद काढले. "ठीक आहे. मी उभीच बरी." तोंडाने ठीक आहे म्हणाल्या, पण आवाजात काही ठीक नव्हतं. दुखरा गुडघा त्यांनी जरा वाकवला आणि भार दुसऱ्या पायावर घेतला.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसायची खोकी टेबलाखाली होती आणि ती काढायची तर चादर उचलावी लागली असती. "मी चहा टाकते," एवढं म्हणून ती ओट्याकडे वळली.

बाईंनी अर्ज वाचला. मग खोली वाचली. मग पुन्हा अर्ज.

"हा अर्ज तू भरलास?"

"हो," खारू म्हणाली.

"सामानाच्या रकान्यात काय लिहिलंयस, वाच बरं."

"दोन खोकी आणि एक ट्रंक."

"खोकी कुठायत?" बाईंनी मान चारी बाजूंना फिरवली. "मला तर इथे खोकं सोडून सगळं दिसतंय."

"मॅडम, हे सगळं गिऱ्हाइकांचं आहे," बाबा घाईने म्हणाले. "पॉलिशला आलंय. थंडीचं शेडमध्ये ठेवता येत नाही."

"अहो, तुम्ही पॉलिशवाले. पॉलिशवाल्याच्या घरातलं सामान पॉलिश केलेलंच असणार. आणि खुर्ची काय, सगळ्यांचीच मोडते." त्या चिडून बोलत नव्हत्या, दमून बोलत होत्या. "मला रोज हेच ऐकायला मिळतं. एका घरी दारात गाडी, ती म्हणे शेजाऱ्यांची. एका घरी सगळं सामान शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलेलं, घर धुतल्यासारखं रिकामं. मुलगी बिचारी गरीब, म्हणून मी शिफारस लिहिली. नंतर कळलं. तोवर जिला खरंच हवी होती ती मुलगी यादीतून खाली गेली होती. तिचं तोंड मला अजून दिसतं. म्हणून विचारते. तुमची हत्यारं कुठायत?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने चहाकडे पाहिलं.

"आवरून ठेवलीत," बाबा म्हणाले.

"सामान घेताना पावती देता?"

"नाही मॅडम. आमचा धंदा तोंडी आहे."

बाईंनी लिहायला सुरुवात केली. कागद त्यांनी पिशवीवर धरला होता आणि खारू समोर उभी होती. गल्लीतल्या लहान मुलांची शिकवणी घेताना ती नेहमी त्यांच्या समोर बसायची, त्यामुळे उलटी अक्षरं तिला सुलटीसारखीच वाचता येत. बाईंच्या पेनातून एकेक शब्द उतरत होता. "घरात भारी सामान. आठ जणांचे टेबल. काचेचे कपाट. अर्जातील माहितीशी..."

पेन थांबलं. पुढचा शब्द अजून लिहायचा होता.

"असं करू," बाई म्हणाल्या. "मला कुणाचं वाईट करायची हौस नाही. एक नाव सांगा. या टेबलाच्या मालकाचं. मी इथूनच फोन लावते, टेबल पॉलिशला दिलंय का विचारते. ते हो म्हणाले की झालं. दोन मिनिटांचं काम."

मागणी रास्त होती. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती.



बाबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी खारूला अक्षरओळखीच्या आधी शिकवला होता. लोकांचं लाकूड आपल्या हातात, लोकांचं नाव आपल्या पोटात. सामान दुरुस्तीला देणारी सगळीच माणसं हौसेने देत नाहीत. कुणाला वाटे होण्याआधी किंमत वाढवून हवी असते, कुणाला गुपचूप विकायचं असतं. दार कुणाच्या घराचं, टेबल कुणाचं, हे पॉलिशवाल्याच्या तोंडून बाहेर पडलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी स्टूलही आणत नाही.

आणि हे टेबल तर तसंच आलेलं. हातगाडी ढकलायला खारू सोबत गेली होती. मोठ्या घराच्या मागच्या दाराने त्यांनी ते बाहेर काढलं. टेबल उचललं तेव्हा खालची फरशी तेवढीच चकचकीत राहिलेली दिसली होती, बाकीच्या जमिनीचा रंग उडालेला. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्या चकचकीत चौकोनाकडे बघत म्हटलं होतं, "पॉलिशवाले, मुलांना सुद्धा ठाऊक नाही हो." बाबांनी नुसती मान हलवली होती. ती मान म्हणजेच पावती.

"सांगा ना," पाहणीच्या बाई म्हणाल्या. "की नाव नाहीच?"

बाबांनी लाल झालेले हात एकमेकांत धरले. टेबलाकडे पाहिलं. खारूकडे पाहिलं. खारूला कळलं की ते आता सांगणार. अठ्ठावीस वर्षांत जे केलं नाही ते तिच्यासाठी करणार. त्यांचे ओठ उघडलेसुद्धा.

"मॅडम, ते टेबल..."

"बाबा, थांबा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओट्याजवळ आईच्या हातात गाळणी तशीच राहिली.

खारू टेबलाजवळ गेली आणि तिने चादरीच्या टोकाला हात घातला.

"खारू, नको," आई अगदी हळू म्हणाली. एरवी आईचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. हा आवाज फक्त तिघांना ऐकू येण्याएवढा होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. त्या चादरीखाली आईने काय काय लपवलं होतं, ते खारूला ठाऊक होतं. फाटकी गादी. चेपलेली भांडी. वाळत टाकलेले कपडे. परक्या बाईने बघू नये असं सगळं.

"आई, रागावू नकोस," खारू म्हणाली, आणि तिने चादर ओढली.

वर घासून कोरं केलेलं लाकूड उघडं पडलं, पिवळट, रंग नसलेलं. आणि खाली त्यांचं घर उघडं पडलं. एका बाजूला गाद्यांच्या वळकट्या, त्यांच्या उशाशी ट्रंक. ट्रंकेवर आरसा आणि कंगवा. दुसऱ्या बाजूला भांड्यांचं खोकं आणि पिठाचा डबा. टेबलाच्या दोन पायांमध्ये बांधलेल्या दोरीवर कपडे. मधल्या जागेत दुसरं खोकं, त्यावर पुस्तकांची चळत, आणि वायर ओढून आत आणलेला एक दिवा. आणि या सगळ्यावर सकाळी घाईने कोंबलेली हत्यारं, बाटल्या, बोळे, वेताची भेंडोळी. शेडचा सगळा वास एकदम बाहेर आला.

चहा उतू गेला, तो आईने उतरवला नाही.

बाई कागद हातात धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आजच भरलंय की..."

"हत्यारं आज भरली," खारू म्हणाली. "बाकीचं रोज इथेच असतं."

"तू अभ्यास कुठे करतेस?"

"इथेच."

"एवढं मोठं टेबल आहे, त्याच्यावर का नाही?"

"कोरं लाकूड आहे. घामाचा डाग पडला तरी पॉलिशमधून वर दिसतो. शाईचा पडला तर बाबा मला घराबाहेर काढतील."

"काढीन," बाबा म्हणाले. सवयीनेच म्हणाले.

बाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. "दाखव कशी बसतेस."

खारू आत गेली. गेली म्हणजे, इतरांना नीट कळलंही नाही कशी गेली. मान डावीकडे, खांदा खाली, एक गुडघा आधी, मग दुसरा. आडव्या दांडीच्या खालून, दिव्याच्या वायरला न लागता, दोरीवरचे कपडे न हलवता ती खोक्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने दिवा लावला. डोकं वरच्या फळीला बोटभर अंतर राखून होतं.

"थांब, मला बघू दे," असं म्हणत बाई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि वाकून आत शिरू लागल्या.

"मॅडम, दांडी!" बाबा म्हणाले.

ठक्क आवाज आला. बाईंनी कपाळ धरलं. मागे सरताना डोकं पुन्हा लागलं, आणि हात आपटून तेलाची बाटली कलंडली, ती खारूने न बघताच डाव्या हाताने सरळ केली.

"तुला लागत नाही?"

"पहिल्यांदा लागायचं," खारू म्हणाली. "पाचवीत असताना, तेव्हाच्या टेबलाखाली. आता नाही."

बाई तिथेच जमिनीवर बसून राहिल्या, कपाळ चोळत. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा बाहेर. टेबलाच्या खालच्या बाजूला पॉलिश कधीच देत नाहीत. ते खडबडीत, काळपट लाकूड खारूच्या डोक्यावर छतासारखं होतं. बाहेर काचेचं कपाट उन्हात चमकत होतं.

"नाव मला नको," त्या अखेर म्हणाल्या. बाबांचे खांदे एकदम खाली आले. इतका वेळ ते वर धरलेले होते हे तेव्हा कळलं.

खारूने ते खोकं पुस्तकं उतरवून बाहेर ढकललं. बाई त्यावर बसल्या. हा त्या घरातला बसायचा पहिला आणि शेवटचा पर्याय होता. त्यांनी कागद मांडीवर घेतला, मघाची ओळ वाचली आणि पेन टेकवलं. खारूची मान आपोआप तिरकी झाली. बाईंच्या ते ध्यानात आलं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सरळ तिच्याकडे फिरवला.

"मान कशाला मोडतेस? नीट वाच."

मघाचं वाक्य खोडलेलं नव्हतं. ते पुरं केलं होतं. "अर्जातील माहितीशी प्रथमदर्शनी जुळत नाही. ते सामान दुरुस्तीचे आहे. कुटुंब त्याच्याखाली राहते. मी वाकून पाहिले." आणि त्याखाली, जरा थांबून लिहिल्यासारखी आणखी एक ओळ. "अर्ज खरा आहे."

"मी फक्त पाहिलेलं लिहिते," बाई म्हणाल्या. "द्यायचं की नाही ते समिती ठरवते. मुलं पुष्कळ आहेत आणि जागा थोड्या. आशा लावून जात नाही मी कुणाला."

"हो," खारू म्हणाली.

आईने चहा आणला. उतू जाऊन उरलेला, अर्धा कप. तिने तो खाली मान घालून बाईंच्या हातात दिला. "पसारा बघितलात तुम्ही आमचा," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, ते तिने वाफेवर ढकलले.

"बरं झालं बघितला," बाई म्हणाल्या. चहाचा घोट घेतला. "माझ्याकडे पण आहे हो, कपाटात कोंबलेला. पाहुणे आले की दाराला पाठ लावून उभी राहते मी." मग आणखी एक घोट घेऊन, "पण पुढच्या वेळी आवरू नका."

"पुढच्या वेळी?" आईने मान वर केली.

"मिळाली तर दर वर्षी पाहणी असते. मिळाली तर म्हणाले मी."

बाई चपला घालून गेल्या. मग आई चादरीची घडी घालत म्हणाली, "माझी इज्जत सगळी बाहेर काढलीस."

"हो," खारू म्हणाली.

"दिवा तरी पुसायचास आधी. केवढी धूळ त्याच्यावर." आणि तिने तिला जवळ ओढलं. बाबा तोवर आरामखुर्चीची सुतळी चाचपत होते. सरस पकडायला लागला होता.

निकालाची वाट बघण्याचे दिवस वाईट गेले. पोस्टमन गल्लीत शिरला की आईच्या हातातली वेताची पट्टी थांबायची. कापडदुकानाच्या मालकाने एकदा निरोप पाठवला आणि बाबा म्हणाले, "थोडं थांबा म्हणावं." दुसऱ्यांदा निरोप आला तेव्हा खारू स्वतः म्हणाली, "बाबा, उद्या जाऊन येते मी." बाबा पॉलिशचा बोळा फिरवत राहिले. एकाच जागी, इतका वेळ, की तिथला रंग गडद झाला. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

ती दुकानात जाऊन आली. कापड मोजायचा गज हातात धरून बघितला. परत आली तर दारात गणिताचे सर उभे होते. सर कधी कुणाच्या घरी जात नसत. आई त्यांना, "अहो, आत या, पण बसू नका, ओलं आहे," असं सांगत होती आणि हसत होती आणि रडत होती. सरांनी खारूच्या हातात पत्र दिलं आणि म्हणाले, "वाच. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही."

ऊन तापू लागलं तसं मोठ्या घराचं टेबल रात्र होण्याआधी मागच्या दाराने परत गेलं. ते कुणी विकत घेतलं, किती किमतीला, कुणालाच कळलं नाही. खोली एकदम उंच वाटू लागली. पहिले काही दिवस तिघंही वाकूनच चालत होती.

वसतिगृहाच्या खोलीत खारूच्या वाट्याला एक पलंग आला, एक टेबल आलं आणि एक खुर्ची. साधी, जाड पॉलिशची, एका पायाला ओरखडा. शेजारच्या पलंगावरची मुलगी आपले कपडे लावत होती. खारूने ट्रंक ठेवली, खुर्चीजवळ गेली, तिचे दोन्ही हात धरून तिला हलवून पाहिलं. मग पाठीवर बोट टेकवलं आणि बोटाकडे बघितलं.

"काय गं, काय बघतेस?" शेजारची म्हणाली. "तुझीच आहे ती. बस की."

"ओली आहे का बघते," खारू म्हणाली.

आणि बसली.